हस्तलिखितांच्या छापील प्रतिकृतींतील वर्णशुद्धि

(१) जुन्या पोथ्यांचीं पानें आतां छायाचित्रांच्या साह्यानें रंगीत छापलीं जातात, आणि मूळ पोथी न पाहतां केवळ त्या प्रतिकृतीवरून पाठाविषयीं, लेखकाच्या हाताविषयीं व काळाविषयीं निर्णय केले जातात. परंतु निर्णय करणाराच्या डोळ्यांपुढें जो रंग येतो तो पोथीचा कीं छापखान्याचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पोथींतील रंग हा अलंकार नसून पुरावा आहे. सबब छपाईपूर्वींच्या कामांत त्याची राखण पाठाइतक्याच दक्षतेनें झाली पाहिजे, हें येथें सोदाहरण दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

(२) प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. जालना येथें कुंडलिकेच्या कांठीं मस्तगडाची गढी आहे. ती निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेनें काबिलखानानें इ. स. १७२५ मध्यें बांधिली, व तिच्या बांधणीचा काळ सांगणारा फारशी लेख तेथें आहे. असा शिलालेख प्रसिद्ध करावयाचा तर काळ्या शाईचा ठसा पुरतो. किंबहुना तिरप्या उजेडांत घेतलेलें एकरंगी चित्रच अधिक वाचनीय होतें, कारण तेथें अर्थ खोदकामाच्या खोलींत आहे, रंगांत नाहीं. पोथीची गोष्ट निराळी. ह्याच जिल्ह्यांतील जांब येथें इ. स. १६०८ मध्यें जन्मलेल्या श्रीसमर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. त्यांत बोरू, कागद व शाई यांच्या जोडीला हिंगुळाचाही संग्रह सांगितला आहे. म्हणजे लेखकाच्या साहित्यांत तांबडा रंग हा हौसेचा विषय नसून नित्याचा होता.

(३) पोथ्यांतून आढळणारे मुख्य रंग असे : काजळाची मसी, पारा व गंधक यांचा हिंगूळ, लोहयुक्त मातीचा गेरू, लाखेचा अळिता, आणि पिवळा हरताळ. दंड, श्लोकांक, ‘उवाच’ हीं पदें व अध्यायसमाप्तीचीं वाक्यें बहुधा तांबड्यानें लिहिलेलीं असतात. परंतु तांबडा म्हणजे एकच रंग नव्हे. हिंगूळ किंचित् नारिंगी झांकेचा व तेजस्वी, गेरू तपकिरी व मंद, अळिता किरमिजी. एखाद्या पोथींत श्लोकांक हिंगुळाचे असून समासांतील खुणा गेरूच्या असल्या, तर त्या खुणा मागाहून दुसऱ्या कोणी केल्या असाव्या, अशी शंका घेण्यास जागा होते. हरताळाचें महत्त्व तर भाषेनेंच जपून ठेविलें आहे. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून तें झांकीत व वर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार त्याच रीतीची आठवण आहे. कोठें हरताळ लागला आहे हें कळल्यावांचून मूळ पाठ कोणता व शोधित पाठ कोणता हें सांगतां येत नाहीं.

(४) हाच पुरावा छपाईंत दोन परस्परविरुद्ध मार्गांनीं नष्ट होतो. छायाचित्रणाच्या पहिल्या काळांतील कांचा मुख्यत्वें निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत. तांबडा व पिवळा त्यांवर काळे उमटत. त्यामुळें तसल्या कांचेवरून केलेल्या प्रतिकृतींत हिंगुळाचे दंड मसीच्या दंडांसारखेच दिसतात, आणि हरताळाची जागा शाई सांडल्यासारखी काळवंडलेली दिसते. उलट आजच्या यंत्रानें घेतलेलें चित्र एकरंगी करून छापलें, तर हरताळ फिका होऊन जुन्या कागदांत मिसळून जातो, व त्यावरील शोधित अक्षर जणूं पहिल्यापासूनच तेथें होतें असा भास होतो. पहिल्या प्रकारांत वाचकाला निदान कांहीं डाग तरी दिसतो. दुसऱ्यांत संशयालाही जागा उरत नाहीं, म्हणून तो अधिक घातक.

(५) महाराष्ट्रांत रंगीत छपाईची परंपरा थोर आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना इ. स. १८९४ मध्यें मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथें प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड असे, व मूळ चित्रांतील रंगांची फोड कारागीर आपल्या नजरेनें करी. चित्रपटासाठीं विख्यात झालेले दादासाहेब फाळके हे त्यापूर्वीं ठसे व रंगीत छपाई यांच्याच धंद्यांत होते, व त्याच कामासाठीं इ. स. १९०९ मध्यें ते जर्मनीस गेले होते. परंतु देवादिकांच्या चित्रांत मोहकपणा साधला म्हणजे काम झालें. तेथें ‘उठावदार’ हा गुण होय. पोथीच्या बाबतींत तोच दोष होतो. कागद पांढरा करणें, तांबडा भडक करणें, डाग पुसणें, हें सर्व सद्भावनेनें केलें जातें, आणि त्यानें साक्षीदाराची साक्षच बदलते.

(६) आतां अडचणीचें मूळ पाहूं. संगणकाच्या पडद्यावरील रंग तांबडा, हिरवा व निळा या प्रकाशांच्या मिश्रणानें होतो. कागदावरील रंग सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शायांच्या बारीक ठिपक्यांनीं होतो. पडद्यावर दिसणारे कित्येक रंग ह्या चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. हिंगुळाचें तेज त्या मर्यादेच्या कांठावरच पडतें. त्यांतून कागद खरखरीत असला तर शाई आंत मुरते, ठिपके फुगतात व रंग अधिक मंद होतो. रूपांतर करितांना हिंगूळ मर्यादेंत ओढला जातो, गेरू मात्र होता तेथेंच राहतो. दोहोंमधलें अंतर कमी होतें, आणि दोन हात एक होऊन बसतात. सबब आमचें मत असें कीं, मूळ तेज साधणें शक्य नसेल तेथें रंगांतील परस्परभेद आधीं राखावा. तेवढ्यानेंही भागत नसेल, तर हिंगुळासाठीं मुद्दाम मिसळलेली पांचवी शाई वापरावी.

(७) प्रत्यक्ष कृति अशी. पानावर दोहों बाजूंनीं सारखा उजेड पंचेचाळीस अंशांच्या कोनांतून टाकावा. खिडकीचा उजेड बंद करावा. कॅमेऱ्याची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद ठेवावी. पानाला न चिकटवितां त्याच्या कडेशीं प्रमाणित वर्णपट्टी व करड्या छटांची पट्टी ठेवून दोन्ही चित्रांत घ्याव्या. मूळ चित्र टिफ् स्वरूपांत, त्याचें वर्ण-प्रोफाइल आंत ठेवूनच, जपावें. जेपेग् वारंवार जतन केल्यानें सूक्ष्म छटा झिजतात. चार शायांतील रूपांतर एकदांच, आणि छापखान्याच्या त्याच यंत्राच्या व त्याच कागदाच्या प्रोफाइलानें करावें. मुद्रित त्याच कागदावर काढावें व पोथीशेजारीं ठेवून पाहावें. मुद्रित पोथीकडे न्यावें, पोथी छापखान्यांत नेऊं नये.

तुलना कोणत्या उजेडांत करावी, हाही प्रश्न गौण नव्हे. हिंगूळ व छापील शाई हे मूळचे भिन्न पदार्थ; ते एका दिव्याखालीं सारखे आणि दुसऱ्याखालीं निराळे दिसूं शकतात. म्हणून छपाईच्या व्यवहारांत पांच हजार केल्विनचा प्रमाण उजेड ठरविलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानक ३६६४ याच विषयाचें आहे. शिवाय इ. स. १९७६ मध्यें ठरलेल्या लॅब पद्धतीनें दोन रंगांतील अंतर आंकड्यांत मोजतां येतें. तें सुमारें एकाहून कमी असल्यास सामान्य डोळ्याला भेद सहसा जाणवत नाहीं. हें मोजमाप छापील वर्णपट्टीवर करावें. मापनयंत्र पोथीच्या पानाला टेकवूं नये.

(८) शेवटीं संग्राहकांस व संपादकांस विनंती. प्रतिकृति छापतांना वर्णपट्टी कापून टाकूं नका. ती पानाबरोबर छापा. चित्र केव्हां घेतलें, कोणत्या उजेडांत घेतलें, रंगांत फेरफार केला कीं नाहीं, हें प्रस्तावनेंत दोन ओळींत सांगा. आणि पूर्वीं छापलेली प्रतिकृति हातीं आली तर तिला प्रथम हे प्रश्न विचारा : निरनिराळ्या पोथ्यांचे कागद एकाच छटेचे कां दिसतात? सर्व तांबडीं अक्षरें एकाच रंगाचीं कां आहेत? संपूर्ण ग्रंथांत हरताळाचा एकही डाग कसा नाहीं? समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर रंगावर आधारलेलें अनुमान मूळ पोथी पाहीपर्यंत स्थगित ठेवणें हेंच शास्त्रशुद्ध होय.

आपले जुने लेखक पोथीच्या अखेरीस, जसें पाहिलें तसेंच लिहिलें, अशी ग्वाही देत. छापणाराची तशी ग्वाही म्हणजे ती कडेची वर्णपट्टी. ती पाहून वाचकाला साक्ष तपासतां येते. इत्यलम्.

मस्तगड, जालना.