घाटापूर्वी मैदान

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देवस्थान आहे. चाळिशीत प्रथमच मोटार चालविण्यास शिकणाऱ्या गृहस्थास सहकुटुंब स्वतःच्या गाडीने दर्शनास जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि घाट ही शिक्षणाची पहिली पायरी नव्हे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती घ्यावी लागते. तिची मुदत सहा महिने असते. ती मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीसाठी चाचणी देता येते. तोपर्यंत शेजारी अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक आणि गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर आवश्यक असते.

प्रौढास धोक्याची जाण असते, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु भीतीमुळे त्याचा पाय सतत ब्रेकवर राहतो. उतारावर ही सवय घातक ठरते. ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. म्हणजे इंजिनच वेग आवरते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे संकट ओढवून घेणेच होय. रस्ता अरुंद असल्यास चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, असा नियम आहे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण असते.

क्लच व हँडब्रेक यांचा मेळ आधी मोकळ्या मैदानात आणि मग लहानशा चढावर साधावा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस तर लाखो भाविक लोटतात. त्या गर्दीत नवशिक्याने एस.टी.ने जावे, त्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.