फूट, सूत आणि सेंटिमीटर

अकरा महिन्यांचा करार संपून घर सोडायचं झालं की डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाणार, हे नवी मुंबईतला भाडेकरू गृहीत धरूनच चालतो. त्या रंगाच्या पहिल्या हाताखाली दाराशेजारच्या पेन्सिलीच्या रेघाही जातात. नाव, तारीख, उंची, सगळंच. मालकीच्या घरात राहणारे तरी कुठे सुटलेत? सिडको स्थापन झाली १९७० साली. तिने वाशीत बांधलेल्या जेएन टाइपच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि इमारत पडली की दाराच्या चौकटी भंगारात जातात. अशा शहरात मुलाची उंची भिंतीवर लिहू नये. फळीवर लिहावी आणि घर बदलताना फळी सोबत न्यावी.

नाव कोरलेल्या तयार फळ्या बाजारात मिळतात. त्यातल्या एमडीएफच्या टाळाव्यात. खाडीकाठच्या पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगतात. अस्सल लाकूडच घ्यावं. सुतार बल्लारशाच्या सागाचं नाव काढेल. साग उत्तमच, पण या कामाला पाइनही पुरतं. न्हावाशेव्याच्या बंदरात उतरणारी पुष्कळशी परदेशी यंत्रसामग्री पाइनच्या खोक्यांतून येते आणि खोकी सुटली की त्यांच्या फळ्या जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. अशा फळीवरचा छापा नीट बघून घ्यावा. गव्हाच्या ओंबीच्या चित्राशेजारी ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर कीड मारण्यासाठी लाकूड तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. मुलाच्या वस्तूसाठी पहिलंच बरं.

पावसाळ्यात फळी फुगेल, मग माप चुकणार नाही का? नाही चुकणार. लाकूड हवेतली ओल धरतं तेव्हा रुंदीत वाढतं. लांबीत होणारा फरक इतका किरकोळ असतो की उंचीच्या मापात तो जाणवणारही नाही. खरी भीती असते फळीला बाक येण्याची. पुढच्या बाजूला पॉलिश आणि मागची कोरडी ठेवली, की दोन्ही बाजू ओल वेगवेगळी धरतात आणि फळी वाकते. म्हणून मागूनही पॉलिशचे तितकेच हात द्यायचे. पॉलिशवाला ‘मागे कोण बघतंय’ म्हणेल. त्याचं ऐकू नये. पुढून मॅट फिनिश हवं, चकचकीत पॉलिशवर पेन्सिल उठत नाही. रंग द्यायचाच असेल तर माळ्यावरचा जुना डबा काढू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. डबा त्याआधीचा असेल तर आत काय आहे याची खात्री नाही.

आता आखणी. सुतार बोलतो सुतांत: इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरहून थोडा जास्त. बालरोगतज्ज्ञ सेंटिमीटर मागतात आणि घरातली माणसं फूट-इंचांशिवाय बोलत नाहीत. फळीच्या एका कडेला सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला फूट-इंच आखले की भांडण मिटतं. पण आखणी शून्यापासून सुरू करण्याचं कारण नाही. वर्षाचं मूल आधार धरून उभं राहतं तेव्हाच साधारण ७५ सेंटिमीटरचं असतं. फळी जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर लावली तर साडेचार फुटांची फळी १९७ सेंटिमीटरपर्यंत पोचते. लाकूड वाचतं, फळी लिफ्टमध्ये मावते, भिंतीखालच्या स्कर्टिंगचा अडथळाही होत नाही. जन्माच्या वेळची लांबी, बहुतेकांची ५० सेंटिमीटरच्या आसपास, खाली नुसती लिहून ठेवावी.

हा नाद जुना आहे. फ्रान्समधल्या काउंट द माँबेयार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत नोंदवली. ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. तेही जुन्या फ्रेंच फूट-इंचांतच होते. १९२७ साली अमेरिकेतल्या स्कॅमन यांनी त्यांचे सेंटिमीटर केले. बापाच्या हौसेची ती वही आज वाढीच्या अभ्यासातली पहिली दीर्घ नोंद मानली जाते.

त्या बापाची चिकाटी घ्यावी, पण फार वारंवार मोजू नये. पायांत काही नको, केसांची वेणी किंवा अंबाडा सोडलेला, टाचा जमिनीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर सुताराचा गुण्या नाहीतर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात ठेवायचं. तळहात ठेवला की रेघ तिरकी जाते. वेळ शक्यतो दर खेपेला तीच ठेवावी, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळी किंचित बुटका होतो. दोन वर्षांपर्यंत डॉक्टर मुलाला झोपवून मोजतात. तेच मूल उभं मोजलं तर सरासरी ०.७ सेंटिमीटर कमी भरतं, तेव्हा घाबरू नये.

एकट्या रेघेवरून फारसं कळत नाही, कळतं ते दोन रेघांमधल्या अंतरावरून. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मं. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ सेंटिमीटरहून कमी भरत असेल तर आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावं. मुलाला अर्थात यातलं काही नको असतं. खोपोलीच्या इमॅजिकात त्या राइडवर घेतील का, एवढंच त्याला विचारायचं असतं.

भिंतीवर चढवताना फळी ओळंब्यात हवी. आणि मागच्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावं: ‘खालची कड जमिनीपासून ६० सेंमी’. नाहीतर पुढच्या घरात सामान उतरवणारा माणूस ती अंदाजाने ठोकणार आणि मूल एका रात्रीत चार बोटं वाढणार!

राहता राहिलं नाव. लेझर कटिंगवाले ते ठळक कोरायला उत्सुक असतात. मी फळीच्या माथ्यावर आडनाव कोरून घेईन आणि मुलाचं नाव रेघेशेजारी पेन्सिलीने लिहीन. दुसरं मूल झालं तर त्याच्या रेघा त्याच फळीवर, दुसऱ्या रंगात येतात. धाकटीची पाच वर्षांची रेघ दादाच्या पाच वर्षांच्या रेघेच्या वर गेली की घरात जो आरडाओरडा होतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.