दप्तर कोणीं कोणास दाखवावयाचें?

पेढीचा मालक वर्षअखेर मुनिमास बोलावून वह्या मागतो, जमाखर्चाची रुजवात घेतो आणि एखादी रक्कम जुळली नाहीं तर जाब विचारतो. ह्यांत मुनिमाचा अपमान झाला असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. उलट मुनीमच जर वह्यांची पेटी कुलुपांत ठेवून मालकाच्या घरांतील कपाटें उघडूं लागला, तर त्या पेढीचें दिवाळें फार दूर नाहीं असें बाजारांतलें पोरगेंहि सांगेल. लोकसत्ताक राज्याचा सारा कायदा ह्या एका व्यवहाराच्या गोष्टींत सांठविलेला आहे. प्रजा मालक, सरकार मुनीम. सरकारचें दप्तर प्रजेस उघडें असावें, आणि न्यायाधीशाच्या हुकुमावांचून प्रजेचें घर सरकारास बंद असावें. सिद्धान्त इतका सोपा आहे. परंतु निवडणुकीच्या धामधुमींत मोठमोठीं राष्ट्रेंहि तो कसा विसरतात, ह्याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील २००४ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीनें घालून दिलें आहे. त्या निवडणुकीस आज पुष्कळ वर्षें लोटलीं. तेव्हां झांकून ठेविलेले कागदहि आतां बाहेर आले आहेत. म्हणूनच तिचा हिशेब शांतपणें तपासतां येतो, आणि तो आमच्या वाचकांनीं तपासावा एवढ्यासाठींच आज हा विषय आम्ही हातीं घेतला आहे.

निवडणूक युद्धकाळांतली होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत सुमारें तीन हजार माणसें बळी पडलीं. त्यानंतर अफगाणिस्तानांत, आणि मार्च २००३ पासून इराकांतहि, अमेरिकेचें सैन्य लढत होतें. अशा प्रसंगीं दुसऱ्यांच्या मुलांस रणांगणावर धाडणारा मनुष्य स्वतः तरुणपणीं कोठें होता, असा प्रश्न मतदारानें विचारिला तर तो गैर नव्हे. दोन्ही उमेदवार व्हिएतनामच्या युद्धाच्या पिढींतले, म्हणजे अमेरिकेंत सक्तीची लष्करभरती चालू होती त्या काळांतले. त्यामुळें दोघांच्याहि लष्करी चाकरीचें दप्तर चव्हाट्यावर आलें.

विरोधी पक्षाचे उमेदवार जॉन केरी हे आरमाराच्या नोकरींत होते. १९६८-६९ च्या हिंवाळ्यांत सुमारें चार महिने ते 'स्विफ्ट' नांवाच्या गस्ती होड्यांवर व्हिएतनामांत लढले. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि जखमी सैनिकांस मिळणारीं तीन पर्पल हार्ट पदकें त्यांस मिळालीं. परत आल्यावर २२ एप्रिल १९७१ रोजीं सेनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीपुढें त्यांनीं त्याच युद्धाविरुद्ध साक्ष दिली. जुलै २००४ मध्यें बोस्टन येथील पक्षाच्या अधिवेशनांत लष्करी सलाम ठोकून त्यांनीं उमेदवारी स्वीकारली व आपल्या लढाईच्या कीर्तीवर प्रचाराचा डोलारा उभारिला. लागलीच ऑगस्टांत माजी सैनिकांच्या एका मंडळानें जाहिराती देऊन असा आरोप केला कीं, हीं पदकें खऱ्या पराक्रमाचीं नव्हतच. केरींच्या हाताखालीं ज्यांनीं काम केलें ते बहुतेक खलाशी त्यांच्याच बाजूनें उभे राहिले. पदकें रीतसर मंजूर झालीं होतीं असा निर्वाळा आरमाराच्या महानिरीक्षकानेंहि सप्टेंबरांत दिला. तथापि आपलें समग्र दप्तर खुलें करण्याच्या संमतिपत्रावर केरींनीं सही केली ती मे २००५ मध्यें, म्हणजे निवडणूक हरून सहा महिने झाल्यावर. वरात निघून गेल्यावर वाजंत्री आणावयाची, त्यांतलाच हा प्रकार!

सत्तारूढ अध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांची कहाणी निराळी. मे १९६८ मध्यें ते टेक्सास एअर नॅशनल गार्ड ह्या राखीव दलांत शिरले व लढाऊ विमान चालविण्यास शिकले. परंतु एप्रिल १९७२ नंतर त्यांनीं तें चालविलें नाहीं. वैद्यकीय तपासणीस न गेल्यामुळें त्या वर्षीं त्यांची विमान चालविण्याची परवानगी तहकूब झाली. मधल्या काळांत ते अलाबामा राज्यांत एका निवडणुकीच्या कामावर होते. आणि १९७३ सालीं त्यांस सन्मानपूर्वक चाकरींतून मुक्त करण्यांत आलें. मधल्या महिन्यांत ते कामावर हजर होते कीं नाहीं, एवढाच वाद. आणि त्याचें उत्तर सरकारी पटांत असावयाचें. परंतु जुलै २००४ मध्यें संरक्षण खात्यानें सांगितलें कीं, त्या वेळच्या पगारपटांच्या सूक्ष्म फिती खराब होऊन नष्ट झाल्या. आणि थोड्याच दिवसांनीं तेंच खातें म्हणूं लागलें कीं, पट सांपडले, पूर्वीचें विधान नजरचुकीचें होतें! असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेनें १९६६ च्या माहितीस्वातंत्र्याच्या कायद्याखालीं दावा लाविला, तेव्हां आणखी कागद सप्टेंबरांत हप्त्याहप्त्यानें बाहेर आले. ज्या मुनिमाच्या वह्या मागण्यास कोर्टाची पायरी चढावी लागते, त्याच्याविषयीं मालकाच्या मनांत संशय उत्पन्न झाला तर दोष मालकाचा नाहीं.

इतक्यांत ८ सप्टेंबर २००४ रोजीं सीबीएस ह्या दूरचित्रवाणी कंपनीनें कांहीं टिपणें पुढें आणिलीं. १९८४ सालीं मृत्यु पावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचीं म्हणून तीं दाखविलीं गेलीं, आणि त्यांत बुश ह्यांच्या चाकरीवर ताशेरे होते. झालें! तज्ज्ञ आणि अज्ञ सारेच टंकयंत्राच्या अक्षरांची चिकित्सा करूं लागले. अमुक वळणाचें लहान अक्षर १९७२ च्या यंत्रावर उमटत होतें कीं नव्हतें? बाराव्या दिवशीं कंपनीस कबूल करावें लागलें कीं, टिपणें अस्सल असल्याचें तिला सिद्ध करितां येत नाहीं. आम्ही वकिलीचा धंदा केला आहे म्हणून सांगतों; शाबीत न होणारा एक दस्तऐवज दाखल केला कीं, शाबीत होणारे दहा दस्तऐवजहि त्याच्याखालीं गाडले जातात. येथें तसेंच झालें. त्याच आठवड्यांत इराकांत मृत्यु पावलेल्या अमेरिकन शिपायांची संख्या एक हजारावर गेली. पण राष्ट्राचें लक्ष टंकयंत्राच्या खिळ्यांत गुंतलें होतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात, तो हाच न्याय!

आतां रामेश्वरीं काय जळत होतें तें पाहूं. हल्ल्यास दीड महिना होतो न होतो तोंच, २६ ऑक्टोबर २००१ रोजीं, 'पॅट्रिअट ॲक्ट' नांवाचा कायदा झाला. सेनेटांत त्याच्या बाजूनें ९८ मतें पडलीं आणि विरुद्ध एकच. तें एकटें मत विस्कॉन्सिनचे रसेल फाइनगोल्ड ह्यांचें. केरींचें मत बाजूनें होतें. ह्या कायद्याच्या २१५ व्या कलमानें सरकारास अशी मुभा दिली कीं, दारें लावून बसणाऱ्या एका गुप्त न्यायालयाकडून हुकूम आणून वह्या, पुस्तकें, कागद, कसलीहि वस्तु मागवावी. आणि ज्याच्याकडून ती मागविली त्यानें ब्रहि काढूं नये. कोणता मनुष्य कोणतें पुस्तक वाचतो हेंहि त्यांत आलें. म्हणून ग्रंथपालांनीं मोठी ओरड केली.

ह्याच्याहि पुढची पायरी यासर हमदी ह्यांच्या खटल्यांत दिसली. लुइझियाना राज्यांत जन्मलेला हा अमेरिकन नागरिक अफगाणिस्तानांत पकडला गेला, आणि आरोपपत्रावांचून लष्करी कोठडींत डांबला गेला. अध्यक्षांनीं त्यास शत्रूचा लढवय्या ठरविलें, आतां विचारणारे तुम्ही कोण, असा सरकारचा रोख होता. चौकशीवांचून तुरुंग म्हणजे काय, हें महाराष्ट्रास कोणी शिकवावयास नको. १८९७ सालीं पुण्याच्या नातूबंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखालीं असेंच खटल्यावांचून अडकवून ठेविलें होतें. सुदैवानें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २८ जून २००४ रोजीं बजाविलें कीं, युद्ध चालू आहे एवढ्यावरून नागरिकांच्या हक्कांवर अध्यक्षांस कोरी हुंडी लिहून मिळत नाहीं. धरलेल्या नागरिकास तटस्थ पंचापुढें आपली बाजू मांडूं दिलीच पाहिजे.

८ ऑक्टोबर २००४ रोजीं सेंट लुईस येथें दोघां उमेदवारांचा दुसरा जाहीर वादविवाद झाला. त्यांत प्रश्न सामान्य नागरिकांनीं विचारावयाचे होते. एकानें पॅट्रिअट ॲक्टाचें नांव घेऊन अध्यक्षांस विचारिलें कीं, आमचे हक्क असे पातळ कां केले जात आहेत? साऱ्या निवडणुकींत ह्याहून मोलाचा प्रश्न आम्हांस आढळत नाहीं. हक्क पातळ झालेले नाहींत, दहशतवाद्यांविरुद्धच्या प्रत्येक कारवाईस न्यायालयाचा हुकूम लागतो, अशा आशयाचें उत्तर अध्यक्षांनीं दिलें. केरींनीं कायदा हवा पण त्यांत सुधारणाहि हवी असें म्हटलें. थोड्या मिनिटांत विषय आटोपला. पुढें १६ डिसेंबर २००५ रोजीं न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें उघड केलें कीं, अध्यक्षांच्या गुप्त आज्ञेवरून राष्ट्रीय सुरक्षा संस्था नागरिकांचीं परदेशाशीं होणारीं संभाषणें न्यायालयाच्या हुकुमावांचून ऐकत होती. हा उद्योग २००१ पासूनचा! म्हणजे सेंट लुईसच्या व्यासपीठावर तें उत्तर दिलें जात होतें त्या रात्रींहि तो चालूच होता.

येथें आमच्या धंद्यासंबंधीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. सदर बातमी त्या पत्राच्या हातीं निवडणुकीपूर्वींच आली होती. सरकारच्या विनंतीवरून, व आणखी चौकशी करावी म्हणून, ती वर्षाहून अधिक काळ अडवून ठेवण्यांत आली. एका संस्थेनें न पारखलेला कागद घाईनें बाजारांत आणिला. दुसरीनें खरा कागद पेटींत ठेविला. पहिला दोष सर्वांस दिसला व त्यापायीं माणसें नोकरीस मुकलीं. दुसरा दोष सभ्यपणाचा वाटला. आमच्या मतें मतदाराचें अधिक नुकसान दुसऱ्यानेंच केलें.

कोणी म्हणेल, तीन हजार माणसें मेलीं असतां कोर्टाच्या पायऱ्या कोण चढत बसणार? आक्षेप क्षुल्लक नाहीं. घरास आग लागली असतां शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी घेण्यास लेखी परवानगी कोणी मागत नाहीं. परंतु १९७८ चा अमेरिकन कायदा नेमकें हेंच सांगत होता! तांतडीच्या प्रसंगीं सरकारनें आधीं संभाषण ऐकावें आणि मागाहून ७२ तासांच्या आंत गुप्त न्यायालयाची मंजुरी मागावी, अशी सवलत त्यांत त्या वेळीं होती. तेव्हां अडचण वेळेची नव्हती. कोणा तिऱ्हाइतास हिशेब दाखवावा लागतो, ही खरी अडचण होती. आणि राज्यकर्त्यांची ही अडचण म्हणजेच प्रजेचें संरक्षण होय.

२ नोव्हेंबर २००४ रोजीं मतदान होऊन बुश २८६ विरुद्ध २५१ मतांनीं निवडून आले. कोण आला आणि कोण पडला ह्याचें आम्हांस सोयरसुतक नाहीं. पण झांकलेल्या खात्यावरची बाकी वाढतच गेली. जून २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन ह्यांनीं बाहेर आणिलेल्या कागदांवरून जगास कळलें कीं, त्याच २१५ व्या कलमाच्या आधारें कोट्यवधि अमेरिकन लोकांच्या दूरध्वनीचीं टिपणें, कोणीं कोणास केव्हां आणि किती वेळ फोन केला तीं, सरसकट गोळा केलीं जात होतीं. मे २०१५ मध्यें तेथील एका अपील न्यायालयानें हें त्या कायद्यांत बसत नाहीं असें ठरविलें. जून २०१५ मध्यें नव्या कायद्यानें ही सरसकट वसुली बंद झाली. आणि मार्च २०२० मध्यें कलमाची मुदतच संपली. ज्या प्रश्नास निवडणुकींत थोडीं मिनिटें मिळालीं, त्याचा निकाल लावण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला!

ह्यावरून उमेदवाराचें पूर्वचरित्र पाहूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळें २००३ पासून उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रांत २००२ सालीं व साऱ्या देशासाठीं २००५ सालीं झाला. हीं मालकाच्या हातचीं साधनें आहेत, तीं गंजूं देऊं नयेत. परंतु माणसाचा भूतकाळ पारखणें ही परीक्षेची पहिली पायरी झाली. मतें मागावयास दारीं येणाऱ्यास त्यापुढें चार प्रश्न विचारावे: तुम्ही कोणता अधिकार मागतां? तो किती दिवसांसाठीं? त्याच्यावर न्यायाधीश कोण? आणि त्याचा हिशेब आम्हांस केव्हां दाखविणार? ह्या चार प्रश्नांस जो सरळ उत्तर देत नाहीं, त्याच्या छातीवर कितीहि पदकें झळकत असलीं, किंवा त्याच्या हजेरीपटांत एकहि खाडा नसला, तरी त्याच्या हातीं घराच्या किल्ल्या देणें धोक्याचें आहे. किल्ल्या एकदां गेल्या म्हणजे परत मिळविण्यास किती वर्षें लागतात, हें आमच्या वाचकांनीं वर पाहिलेंच आहे.