अकरा पावलांची वारी

माझ्या सासूबाईंनी सलग २२ वर्षे आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी केली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्याच्या आठवडाभर आधीच त्यांची पिशवी भरलेली असे. दिव्याचा घाट त्या तरुण मुलींच्या बरोबरीने चढत.

गेल्या पौषात न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. वयाच्या ७८व्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली. वॉकर घेऊन त्या घरी परतल्या. कागदोपत्री सारे समाधानकारक होते. मात्र देवघरात दिवा लावणे त्यांनी सोडले होते. तुळशीची माळ उशीखाली तशीच पडून असे.

“इतकी वर्षे त्याच्या दारी चालत गेले. त्याला मोडायला माझा पायच सापडला का?” एवढेच त्या एकदा म्हणाल्या. मी घाईने उत्तरले, “आई, असे म्हणू नये. थोडक्यात निभावले, म्हणून देवाचे आभार माना.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. माझे उत्तर चुकले होते, हे कळायला मला काही आठवडे लागले.

दुःखाला आधी जागा हवी

आजारपणात माणूस केवळ हालचाल गमावत नाही. आपण कोण आहोत, याची ओळखही गमावतो. वारकरी स्त्रीची वारी थांबली, तर तिचे वर्षच मोडते. अशा वेळी आभार मानण्याचा उपदेश जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटतो. देवावर रुसणे म्हणजे श्रद्धा संपणे नव्हे. ज्याच्याशी नाते असते, त्याच्यावरच आपण रुसतो. मी समजावणे थांबवले आणि दुपारी त्यांच्यापाशी नुसती बसू लागले. हळूहळू त्या बोलू लागल्या. कधी रडल्या, कधी विठ्ठलाशी भांडल्याही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. उदासी, अन्नावरची वासना उडणे, झोप नाहीशी होणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्याला ‘वयोमानाने होतेच’ म्हणू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना अवश्य भेटावे. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अशा वेळी उपयोगी पडतो.

तुळशीपर्यंतचे अंतर

दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यास वृद्धांच्या स्नायूंची ताकद झपाट्याने घटते. म्हणून फिजिओथेरपिस्ट ताई रोज चालायला सांगत आणि सासूबाई रोज नकार देत. एके दिवशी ताईंनी विचारले, “आजी, तुम्हांला जायचे कुठे आहे, ते तुम्हीच सांगा.” बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुळशीपाशी.”

पलंगापासून गॅलरीतील तुळशीपर्यंत अकरा पावले होती. पहिल्या दिवशी चार झाली. नवव्या दिवशी त्यांनी वृंदावनाला हात लावला, लोटीभर पाणी घातले आणि तिथेच खुर्चीवर कोवळ्या उन्हात बसल्या. “बावीस वर्षे पाणी घातले, पण मंजिरी अशी निवांत कधी पाहिली नव्हती,” असे त्या सहज बोलून गेल्या. त्या संध्याकाळी देवघरात पुन्हा दिवा लागला. मी काहीच म्हटले नाही.

जपाची लय

माळही हळूहळू उशीखालून बाहेर आली. जपाने मन शांत होते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने इटलीतील लुचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ निरोगी प्रौढांनी ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना व योगपरंपरेतील मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ झाली आणि रक्तदाबाचा समतोल राखणारी शरीराची यंत्रणा अधिक संवेदनशील झाल्याचे आढळले. अभ्यास लहान आहे. जप हा रक्तदाबाच्या गोळीला पर्याय नाही. परंतु गोळीच्या जोडीला तो निश्चितच असू शकतो. देवावर विश्वास नसलेल्यांनीही आवडत्या संथ सुरावर श्वास सावकाश सोडून पाहावा.

मळ्यातला विठ्ठल

ज्येष्ठात पालखी निघाली, तेव्हा आम्हांला धाकधूक होती. सासूबाईंनी मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुक्काम लिहवून घेतले: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. प्रत्येक मुक्कामाची एक आठवण त्या नातवाला सांगत. एकदा त्याने विचारले, “आजी, न जाता देव कसा भेटेल?” त्यांनी त्याला अरणच्या सावता माळ्यांची कथा सांगितली. ते पंढरीला गेले नाहीत; मळ्यातले काम हीच त्यांची पूजा, आणि विठ्ठलच त्यांना भेटायला आला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. “ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती,” नंतर त्या मला म्हणाल्या, “पण ती माझ्यासाठी आहे, हे आत्ता कळले गं.”

आषाढी एकादशीला त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्जळी उपास न करता दूध-फळे घेतली आणि औषधे वेळेवर घेतली.

घरातील माणसांसाठी

आपल्या घरी कुणाचे आयुष्य असे मंदावले असेल, तर त्यांना श्रद्धा शिकवू नये. तिच्याकडे जाण्याची वाट तेवढी मोकळी करावी. वाटेतील पायपुसणी उचलावीत, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, दिव्याचे साहित्य बसल्या जागी हाताला येईल असे ठेवावे. फुले निवडणे, वाती वळणे अशी कामे त्यांची त्यांनाच करू द्यावीत, वेळ लागला तरी. रात्री निजण्यापूर्वी ‘आज काय बरे वाटले?’ एवढेच विचारावे आणि ‘काहीच नाही’ हे उत्तरही स्वीकारावे.

सासूबाई आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. पायी वारी पुन्हा होणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याचे दुःख अजूनही होते. पंढरपूरहून परतलेल्या दिंडीतल्या मैत्रिणी परवा प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का घेऊन आल्या. त्यांना दारापर्यंत सोडायला त्या स्वतः उठून गेल्या.