द्राक्षापासून पेल्यापर्यंत – लेखांक ९ : कॅबरनेची पोकळी, शिराझची भर

मागच्या आठवड्यात आपण बोर्दोमध्ये होतो. कॅबरने सोव्हिन्योंला तिथे मर्लोची सोबत का लागते, ते पाहिलं. आज हेच द्राक्ष दक्षिण ऑस्ट्रेलियात भेटणार आहे, आणि तिथे त्याचा जोडीदार वेगळा आहे: शिराझ. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात ज्याला सिरा म्हणतात, तेच हे. ऑस्ट्रेलियाचं नाव जगभर गाजवलं ते 'ग्रेंज' या वाइनने. तरीही लाल वाइनच्या परंपरेत ऑस्ट्रेलियाने अगदी स्वतःची अशी जी भर घातली, ती माझ्या मते कॅबरने-शिराझची जोडी हीच आहे.

कॅबरनेचा मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या. गराच्या मानाने साल आणि बिया जास्त, म्हणून रंग गडद आणि टॅनिन भरपूर. फार वेळ उकळलेल्या कडक चहाने जीभ जशी आवळल्यासारखी होते, तसा हा तुरटपणा. घोट घेताच काळ्या करंटचा स्वाद ठसठशीत लागतो, शेवटी तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. पण या दोहोंच्या मध्ये, घोट जिभेवर असताना, काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. तिथेच शिराझ भरीव असतं. पिकल्या आलुबुखारासारखा फळाचा स्वाद, मिऱ्याची किंचित झणक आणि मऊ टॅनिन. कॅबरने वाइनला कणा देतं, शिराझ तिला अंग देतं.

ही जोडी जमली त्यामागे टंचाईचा मोठा हात आहे. मॅक्स शुबर्ट १९३१मध्ये पेनफोल्ड्स कंपनीत निरोप्या म्हणून लागला आणि १९४८मध्ये तिचा मुख्य वाइननिर्माता झाला. त्या काळी ऑस्ट्रेलियात पोर्ट आणि शेरीसारख्या, वरून मद्यार्क घातलेल्या गोड वाइनचाच खप होता. शेरीचं तंत्र पाहण्यासाठी कंपनीने त्याला स्पेनला पाठवलं. परतताना तो बोर्दोला गेला. तिथले व्यापारी क्रिस्तियाँ क्रूझ यांनी त्याला चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या वाइन चाखवल्या. इतकी वर्षं टिकेल आणि टिकताना सुधारत जाईल अशी लाल वाइन आपल्या मातीत करायची, हा ध्यास घेऊनच तो परतला.

पण बोर्दोची द्राक्षं आणायची कुठून? दक्षिण ऑस्ट्रेलियात कॅबरने फारच थोडं होतं, शिराझ मात्र मुबलक. फ्रेंच ओकची पिंपं मिळेनात, तेव्हा त्याने अमेरिकन ओकची नवी पिंपं घेतली. १९५१मध्ये अ‍ॅडलेडजवळच्या मॅगिल इथे त्याने पहिला प्रयोग केला. साली रसात बुडालेल्या राहाव्यात म्हणून वर फळ्या बसवल्या, तापमान आवरून आंबवण्याची क्रिया संथ ठेवली आणि ती पूर्ण व्हायच्या आतच रस पिंपांत भरला. शेवटचं आंबणं नव्या लाकडात झालं की लाकडाचा स्वाद वाइनमध्ये मिसळून जातो, वरवर राहत नाही. हे तंत्र आजही वापरात आहे.

हीच ती ग्रेंज. वाइन तयार झाली, पण चाखणाऱ्यांनी नाकं मुरडली. १९५७मध्ये कंपनीने उत्पादन थांबवण्याचा हुकूम दिला. शुबर्टने १९५७, १९५८ आणि १९५९ या तिन्ही हंगामांत गुपचूप काम चालू ठेवलं. नव्या पिंपांसाठी पैसे नव्हते, तेव्हा जुन्यांवर भागवलं. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, मतं बदलली आणि १९६०मध्ये परवानगी परत मिळाली. १९५५च्या ग्रेंजला १९६२च्या सिडनीच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. वरिष्ठांनी नाकारलेल्या कामावरची अशी निष्ठा मला त्या पदकाहून मोठी वाटते.

ग्रेंज मुख्यतः शिराझची, बहुतेक वर्षी कॅबरनेचा थोडा अंश असलेली. खरी जोडी जमली ती १९६०च्या हंगामातल्या 'बिन ३८९'मध्ये. 'बिन' म्हणजे तळघरातला साठवणीचा कप्पा. तिथला क्रमांकच वाइनचं नाव होऊन बसला. यात कॅबरने आणि शिराझ दोन्हींचा वाटा भरघोस, आणि मुरवायला आदल्या हंगामात ग्रेंज ज्यांत होती त्यांपैकी काही पिंपं. म्हणून लोक तिला 'बेबी ग्रेंज' म्हणतात.

१९६२च्या 'बिन ६० ए'मध्ये शुबर्ट आणखी पुढे गेला. त्यात सुमारे एक तृतीयांश कॅबरने कूनावाराचं होतं, बाकी शिराझ बरोसा खोऱ्यातलं. कूनावारा अ‍ॅडलेडपासून जवळजवळ चारशे किलोमीटरवर. चुनखडीवर लाल मातीचा अरुंद पट्टा, समुद्रावरून येणारी थंड हवा. बरोसा उबदार, अ‍ॅडलेडच्या ईशान्येला. इतक्या दूरची दोन द्राक्षं एकाच वाइनमध्ये आणणं फ्रेंच मनाला रुचणारं नाही, कारण तिथे वाइनची ओळख तिच्या जागेवर ठरते. बोर्दोच्या नावाने विकायच्या वाइनमध्ये ऱ्होनचं सिरा घालायला आज कायद्याने बंदी आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला बळ यावं म्हणून तिच्यात ऱ्होनमधल्या एर्मिताजची वाइन सर्रास मिसळत. फ्रान्सने जे सोडून दिलं, ते ऑस्ट्रेलियाने उघडपणे, अभिमानाने जोपासलं. या बाबतीत मी ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा आहे. जागेचा मान मोठा खराच, पण दोन जागांचे गुण ओळखून ते जुळवणारी जीभही तितक्याच मानाची आहे.

बरोसातल्या शिराझचं आणखी एक बळ म्हणजे वेलींचं वय. मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड १८७७मध्ये व्हिक्टोरियातल्या जीलाँगला सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने वेलींच्या आयातीवर कडक निर्बंध घातले आणि ती कीड तिथे शिरू दिली नाही. त्यामुळे तिथे १८४३मध्ये लावलेल्या शिराझच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या राहून फळ देतात. असं वय झालेल्या वेलीला घोस थोडे लागतात, पण त्यांतला रस दाट असतो.

बाटली हातात आली की लेबलावरचा क्रम पाहा. ज्या द्राक्षाचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, असा ऑस्ट्रेलियाचा नियम आहे. 'कॅबरने-शिराझ' असेल तर तुरटपणाला थोडा वेळ द्या, तासभर आधी भांड्यात ओतून ठेवा. 'शिराझ-कॅबरने' असेल तर ती तुलनेने लवकर खुलते. नाशिकच्या 'सुला' या वाइन कंपनीच्या बाटलीवरही ही जोडी दिसते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये लागू झाला आणि १५ डॉलर व त्याहून महाग बाटलीवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आलं. पुढे ते टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. राज्याचे कर धरून या वाइन अजून महागच पडतात. म्हणून चार-सहा जणांनी मिळून एक ऑस्ट्रेलियन आणि एक नाशिकची बाटली शेजारी शेजारी ठेवून चाखावी, असं मी सुचवेन. घोट जिभेवर असताना मधला भाग कुठल्या वाइनमध्ये भरतो, तेवढंच आधी पाहा.

पुढच्या लेखात कूनावाराची लाल माती.