कमिट झाले, पण पुश झाले का?



उन्हाळी सुट्टीआधी आपल्या वर्गातल्या मोठ्या गटाने 'आजीचे शब्द' ही यादी करायला घेतली होती, हे आपल्याला आठवत असेलच. गावी फोन लावायचा, आजी-आजोबांकडून स्वयंपाकघरातले, शेतातले, भांडणातले जुने शब्द काढून घ्यायचे आणि अर्थासकट संगणकात उतरवायचे. आमच्या घरी चाळीसएक शब्द झाले होते. ऑगस्टमध्ये लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो पुन्हा सुरू झालाच नाही. लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण बाबा, मी रोज कमिट करत होते!" करत होती, खरेच. पुश मात्र एकदाही केले नव्हते. बरेच शब्द पुन्हा विचारून मिळाले. पणजीचे अकरा शब्द मात्र गेले, कारण पणजी जुलैतच गेली होती.

घरात सॉफ्टवेअरची नोकरी करणारे माणूस असून ही गत! म्हणून हा लेख.

चूक आमच्या वयाचीही होती. आमच्या पहिल्या नोकरीत सबव्हर्जन नावाची व्यवस्था होती. तिच्यात कमिट म्हटले की बदल थेट कंपनीच्या मुख्य संगणकावर जाऊन पडे. तेच डोक्यात बसले. गिटचे तसे नाही. 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतले, कारण तोवर वापरात असलेल्या बिटकीपरची फुकट वापराची सवलत बंद झाली होती. गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्या इतिहासासकट पूर्ण प्रत असते. त्यामुळे कमिट करायला इंटरनेट लागत नाही, विमानात बसूनही करता येते. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की कमिट म्हणजे आपल्याच वहीत तारीख घालून केलेली नोंद. ती दुसरीकडे पोचवणे हे वेगळे काम, आणि त्याचे नाव पुश.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आज्ञा अशी: गिट पुश ओरिजिन मेन. 'ओरिजिन' हे दूरच्या कोठाराचे, म्हणजे रिमोट रिपॉझिटरीचे, टोपणनाव. 'मेन' हे फांदीचे नाव. आपल्या मुशैरिब स्टेशनात लाल, हिरवी आणि सोनेरी अशा तिन्ही मार्गिका येतात. स्टेशन कोणते हे कळले तरी गाडी कोणत्या मार्गिकेची हेही सांगावे लागतेच, तसेच हे. पहिल्या वेळी मधे 'वजा यू' जोडले तर गिट हा पत्ता लक्षात ठेवते आणि पुढे नुसते 'गिट पुश' पुरते.

मग गिट काय करते? सगळी फाइल पुन्हा पाठवत नाही. प्रत्येक कमिटला त्यातल्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक क्रमांक असतो, साधारणपणे चाळीस अक्षरांचा. दोन्ही संगणक हे क्रमांक ताडून पाहतात आणि पलीकडे जे नाही तेवढेच दाबून, गाठोडे करून जाते. जे कमिटच केलेले नाही ते मात्र कधीच जात नाही, मग फाइल कितीही वेळा सेव्ह केलेली असो.

आता गंमत. सप्टेंबरमध्ये यादी नव्याने सुरू केल्यावर लेकीने पुश केले आणि उत्तर आले: 'रिजेक्टेड'. तिला वाटले, आपले काहीतरी बिघडले. बिघडले काही नव्हते. तिच्या आधी वर्गातल्या एका मुलाने आपले शब्द पाठवले होते, ते हिच्या प्रतीत नव्हते. अशा वेळी गिट आधीचे पुसून पुढचे ठेवत नाही, नम्रपणे अडवते. आधी 'गिट पुल' करून समोरचे आपल्याकडे आणायचे, जुळवायचे, मग पुश.

जुळवताना कळले की दोघांनीही 'कालवण' हा शब्द त्याच ओळीवर लिहिला होता. त्याची आजी कोकणातली, तिने सांगितले माशाचे कालवण. आमच्या देशावरच्या घरात भाकरीशी कालवून खायचे कुठलेही पातळ ते कालवण. गिट याचा निवाडा करत नाही. दोन्ही अर्थ फाइलमध्ये एकाखाली एक ठेवून, मधे खुणा करून ते बाजूला होते. दोन्ही मुले फोनवर अर्धा तास भांडली आणि शेवटी दोन्ही अर्थ ठेवले. मग खुणा पुसल्या, कमिट केले, पुश केले. (आमच्या मते यादीतली सर्वांत चांगली नोंद हीच.)

'फोर्स' शब्द जोडून पुश रेटताही येते. पण मग त्या मुलाचे कमिट फांदीवरून उडाले असते. सामाईक यादीवर हे कुणी करू नये.

पुश करायला परवानगीही लागते. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' हा देवनागरी टंक गिटहबवर सर्वांसाठी खुला आहे. कुणीही त्याची प्रत घ्यावी, बदल करावा. पण त्यांच्या कोठारात थेट पुश करता येत नाही. आपल्या प्रतीत पुश करून 'हे घ्याल का?' अशी विनंती धाडायची असते. आपल्या यादीवर मोठ्या गटातल्या मुलांना थेट परवानगी आहे, पालकांना विनंतीची सोय आहे.

पासवर्ड टाकून पुश होत नाही अशी तक्रार दोन घरांतून आली. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले. त्याऐवजी टोकन तयार करावे लागते. ज्यांना जमत नसेल त्यांनी येत्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर लॅपटॉप घेऊन थांबावे, आम्ही करून देऊ. तोवर घरी 'गिट स्टेटस' टाइप करून पाहा. 'अहेड' हा शब्द आणि पुढे आकडा दिसला, तर तितकी कमिट अजून तुमच्याच घरी आहेत. आमच्याकडे काल रात्री तीन निघाली.