मेनू कधी उघडतो, कधी नाही: अधूनमधून येणारा बिघाड कसा पकडायचा

(यवतमाळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय लहान वाटेल. संगणकावर ईमेलचा प्रोग्राम आहे, त्यातल्या मेनूवर क्लिक केलं तर तो कधी उघडतो, कधी नाही. आपल्याकडे ही तक्रार कशी येते? "सर, मेनू उघडूनच नाही राहिला. आन् तुमी आले का उघडते!" हसू नका. बिघाड नेमका कसा आहे ते या वाक्यात बरोबर सांगितलेलं आहे.

जिम ग्रे नावाचे एक मोठे संगणकतज्ज्ञ होते. टँडम कंपनीत असताना १९८५ मध्ये त्यांनी संगणक का बंद पडतात यावर एक निबंध लिहिला आणि त्यात बिघाडांचे दोन प्रकार सांगितले. एक पक्का बिघाड: तीच कृती करा, तोच बिघाड येणार. त्याला नाव दिलं बोर या शास्त्रज्ञावरून. दुसरा शोधायला गेलं की गायब होणारा. त्याला नाव हायझेनबर्गवरून. आपला मेनू या दुसऱ्या जातीचा.

शेतातल्या मोटरीचं बघा. सकाळी उचलत नाही, रात्री बरोबर चालते. मेकॅनिक दुपारी येतो, मोटर सुरू होते, तो म्हणतो काही झालं नाही. पण शेतकरी काय करतो? कोणत्या वेळी, व्होल्टेज किती असताना, शेजारच्यांच्या मोटरी चालू असताना की बंद असताना, हे लक्षात ठेवतो. मग कळतं की दोष मोटरीत नाही, व्होल्टेजमध्ये आहे. आज आपण संगणकावर हेच करणार आहोत.

उदाहरणाला मी थंडरबर्ड घेतो. मोझिलाचा हा प्रोग्राम फुकट आहे, पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. यात मेल आपल्या संगणकावर राहू शकतो. वणी असो की झरी जामणी, नेट गेलं तरी जुनं पत्र वाचता येतं. ही सोय आहे, आणि धोकाही इथेच आहे.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी प्रत काढा. तुमचं खातं पॉप पद्धतीचं असेल, तर बहुतेक वेळा मेल सर्व्हरवरून उतरून फक्त तुमच्या संगणकावर राहतो. सर्व्हरवर त्याची प्रत असेलच असं नाही. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरही असतो. तुमचं कोणतं आहे, हे खात्याच्या सेटिंग्जमध्ये दिसतं. माहीत नसेल तर पॉप आहे असंच समजा. प्रोग्राम बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी छोटी खिडकी येईल तिच्यात पर्सेंटचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा पर्सेंटचं चिन्ह असं इंग्रजीत लिहा. जो फोल्डर उघडेल त्यात थंडरबर्डचा फोल्डर आहे. तो अख्खा पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कोणाचं टेंडर, कोणाची पीकविम्याची पावती, कोणाचा कोर्टाचा कागद त्यात असतो. मेनू दोन दिवस उशिरा दुरुस्त झाला तर चालेल, हे गेलं तर चालणार नाही.

आता तपास. पहिला प्रश्न: "उघडत नाही" म्हणजे नक्की काय होतं? याच्या चार तऱ्हा आहेत, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं.

एक. मेनू चमकतो आणि लगेच मिटतो. इथे आधी माउसवर संशय घ्या. माउसचं बटण झिजलं की एका दाबात दोन क्लिक जातात. पहिल्याने मेनू उघडतो, दुसऱ्याने मिटतो. प्रोग्रामचा काही गुन्हा नसतो. याची परीक्षा सोपी आहे. माउस बाजूला ठेवा. ऑल्ट किंवा एफ १० दाबून वरची मेनूपट्टी घ्या, बाणाच्या बटणांनी उघडा. राइट क्लिकच्या मेनूसाठी शिफ्ट आणि एफ १०. कीबोर्डने प्रत्येक वेळी उघडतो आणि माउसने मधूनच दगा देतो, असं दिसलं तर दुसरा माउस लावून बघा.

दोन. मेनू उघडतो, पण दहा-पंधरा सेकंदांनी. म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या कामात आहे. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो. इनबॉक्स कधी रिकामा केलाच नसेल तर ती फाइल अवाढव्य होते. अँटिव्हायरस ती तपासायला बसला, किंवा प्रोग्राम स्वतः शोधसूची बनवत असला, की क्लिक ताटकळतं. सकाळी ऑफिस उघडल्यावर सगळे मेल एकदम उतरतात तेव्हा हे जास्त दिसतं.

तीन. मेनूच्या जागी काळा किंवा रिकामा चौकोन येतो, किंवा मेनू भलतीकडेच उघडतो. इथे संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. सेटिंग्जमध्ये जनरलखाली हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण असते. ती काढून, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करून बघा.

चार. मेनू उघडतो, पण काही ओळी फिक्या, दाबल्या जात नाहीत. हा पुष्कळदा बिघाडच नसतो. कोणताही मेल निवडलेला नसेल तर "उत्तर द्या" ही ओळ चालेल कशी? मेल निवडूनही ओळ मेलेलीच असेल, तर ॲड-ऑनकडे बघा. २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स चालेनाशी झाली. २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत खिडकीची मांडणीच बदलली. त्यामुळे अपडेटनंतर दुखणं सुरू झालं असेल, तर ती तारीख लिहून ठेवा.

यातून कारण सापडलं नाही, तर शिफ्ट दाबून धरा आणि प्रोग्राम सुरू करा. तो ट्रबलशूट मोडमध्ये येतो. जी खिडकी येईल तिच्यातल्या कोणत्याही चौकटीत खूण करू नका, तसंच पुढे जा. या मोडमध्ये ॲड-ऑन्स बंद असतात. पण लक्षात घ्या, हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद असतं. तेव्हा इथे मेनू सुधारला, तर "ॲड-ऑनच दोषी" असं लगेच म्हणू नका. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत. नेहमीच्या मोडमध्ये परत या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता व्याख्यानातली मुख्य गोष्ट. आपण काहीतरी बदलतो, पाच वेळा क्लिक करतो, पाचही वेळा मेनू उघडतो, आणि "झालं!" म्हणून उठतो. समजा मेनू पाचात एकदा बिघडत होता. म्हणजे काहीही दुरुस्त न करता तो एका क्लिकला उघडण्याची शक्यता ८० टक्के. सलग पाच वेळा उघडण्याची? ८० टक्के पाच वेळा गुणा: जवळजवळ ३३ टक्के. म्हणजे काही न करताही तीनात एकदा तुम्ही "दुरुस्त झालं" म्हणाल. सलग दहा वेळा उघडला तरी ११ टक्के शंका उरते. पंधरा वेळा उघडला तर साडेतीन टक्के.

यावरून एक ठोकताळा: बिघाड जितक्यांत एकदा येतो, त्याच्या तिप्पट वेळा सलग चांगलं चाललं पाहिजे. पाचात एकदा असेल तर पंधरा, दहात एकदा असेल तर तीस. आणि ते क्लिक बिघाडाच्याच वेळी करा. सकाळी मेल उतरताना बिघडत असेल, तर दुपारी शांत वेळी केलेले तीस क्लिक काही सिद्ध करत नाहीत.

उलट बाजू सोपी आहे. बिघाड एकदा जरी दिसला, तरी दोष अजून आत आहे हे पक्कं. निर्दोष म्हणायला पंधरा क्लिक, दोषी ठरवायला एक पुरे. आठ ॲड-ऑन्स आहेत आणि सगळी बंद केल्यावर मेनू पंधरा वेळा नीट उघडला असं समजा. आता चार सुरू करा. बिघडलं तर चोर या चारांत, पंधरा वेळा नीट चाललं तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. तीन फेऱ्यांत चोर हातात.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, कोणता मेनू, माउस की कीबोर्ड, किती क्लिक, किती वेळा बिघडला. एवढं लिहिलेलं असलं, की तुमच्या गावातला संगणकवाला असो की प्रोग्राम बनवणारे असोत, त्यांना पुढे काम करता येतं.

श्रोत्यांमधून प्रश्न: सर, एवढं करण्यापेक्षा सरळ फॉरमॅट मारलं तर?

उत्तर: हा नेहमीचा प्रश्न आहे. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, तर तुमचा प्रोफाइल फोल्डर सहसा तसाच राहतो. म्हणजे त्याच सेटिंग्ज, तीच ॲड-ऑन्स, आणि दोष तिथे असेल तर तोही परत. फॉरमॅटने सगळंच जातं. पॉपवरचे मेल असतील आणि प्रत नसेल, तर ते परत आणायचा भरवसा नाही. आणि एवढं करून दोष माउसच्या झिजलेल्या बटणात निघाला, तर मेल गेलेले असतील आणि मेनू मात्र पहिल्यासारखाच चमकून मिटत असेल. म्हणून आधी प्रत, मग मोजणी, आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी.